सर्टिफिकेटवर असताना ‘थोडंसं’ काम केलं तर चालते का?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे घेत असताना, म्हणजे डॉक्टरच्या आजारपणाच्या सर्टिफिकेटवर असताना, दुसरीकडे काम करू नका, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. चूक माझीच, ओळ अर्धी लिहिली. ईएसआयचे पैसे काही एकाच जातीचे नसतात ना. आजारपणाचे वेगळे, अपघातानंतर हात बरा होईपर्यंतचे वेगळे, आणि बोट गेलं ते कायमचंच गेलं त्याचे अजून वेगळे. एकात काम केलं तर फसता, दुसऱ्यात नाही केलं तर उगीच घरी बसता. हिंगण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला माझी एकवीस वर्षं गेली, हे फॉर्म भरता भरताच. चोरून काम करणारे पाह्यले तसे घाबरून घरी बसलेलेही पाह्यले, आणि खरं सांगू का, या घाबरून बसलेल्यांचंच जास्त वाईट वाटते.

“ताई नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहो, पगार १८ हजार. कमरेची गादी सरकली म्हणून पाच आठवड्यांपासून ईएसआयच्या सर्टिफिकेटवर आहो. घरी बसून बसून डोकं फिरून राहिलं. माझ्या साळ्याचा लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनच्या तिकडे पोह्याचा ठेला आहे, तिथं सकाळी ७ ते १० मी गल्ल्यावर बसतो, उचलठेव काहीच करत नाही. तो रोजचे २०० रुपये देते. कंपनीतलं काम तर मी करतच नाही, मग याच्यात अडचण काय? – एक वाचक, वानाडोंगरी”

भाऊ, अडचण आहे, आणि चांगली मोठी आहे.

तुम्हाला जो मिळतो तो सिकनेस बेनिफिट, म्हणजे आजारपणातला भत्ता. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पण हा पैसा आजाराचा नाही हो, ‘काम करता न आलेल्या दिवसाचा’ आहे, आणि सगळी गोम याच्यात आहे. १९४८ च्या ईएसआय कायद्यात कलम ६३ होतं (आता ते सगळं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण गाभा तोच), त्यात सरळ लिहिलं होतं की ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा सिकनेस बेनिफिट त्याला मिळणार नाही. आता नीट वाचा, ‘काम करतो’ एवढंच आहे. ‘कंपनीत काम करतो’ असं नाही, ‘आठ तास काम करतो’ असंही नाही. तुमचं म्हणणं की मी तीनच तास बसतो. पण ईएसआयमध्ये अर्ध्या दिवसाचं खातंच नाही, अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस बेनिफिट असा हिशोब तिथला कोणताही क्लार्क तुम्हाला लावून देऊ शकत नाही. दिवस एक तर आजारात जातो नाही तर कामात.

शिवाय पैसे मागायच्या फॉर्मवर तुम्ही सही करता ना, तिथं या काळात काम केलं नाही असं लिहिलेलं असते. लोक वाचत नाहीत, खिडकीतला माणूस म्हणते इथं सही, आपण करतो. पण ती सही तुमचीच. खोटं लिहून बेनिफिट घेतला तर जुन्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं होतं, आणि घेतलेला पैसा परत भरायचा तो वेगळाच. दोन हजाराचा दंड ऐकून हसू येते, पण परतफेडीचा आकडा काढून पाहा. रोजची सरासरी ६०० धरली तर ७० टक्के म्हणजे ४२०. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस, त्यातले पहिले दोन दिवस तसेही मिळत नाहीत, राहिले ३३, म्हणजे १३,८६०. आता त्यातले जितके दिवस ठेल्यावर बसले तितके ४२० परत. मेहुण्याने दिले २००, गेले ४२०. असा धंदा कोण करते?

आणि पकडलं कोण जाणार नाही असं वाटते का तुम्हाला? अहो नागपूर आहे हे. सकाळी ८ वाजता पोह्याच्या ठेल्यावर कोण येत नाही? तुमचा सुपरवायझर येते, एचआरवाला येते, ज्याचं तुमच्याशी पटत नाही तो तर हमखास येते, प्लेटीत तर्री टाकून घेतो, आणि मोबाइल त्याच्या हातातच असते. आमच्या कारखान्यात एका जणाचं असंच झालं होतं. तो सर्टिफिकेटवर असताना आठवडी बाजारात भाजी विकायला बसला, बायकोला मदत म्हणून, आणि फोटो दुपारी टाइम ऑफिसात. फोटोत त्याच्या हातात तराजू होता. बाकी काही सांगायचीच गरज पडली नाही.

आता तुम्ही म्हणाल मी पैसे न घेता नुसता बसतो. भाऊ, तरीही एक गोष्ट राहतेच. बेनिफिट घेणाऱ्याने बरं व्हायला उशीर होईल असं काही करायचं नसते, हीपण अट आहे, आणि गादी सरकलेल्या माणसाने तीन तास प्लास्टिकच्या स्टुलावर बसणं हे डॉक्टरला सांगून पाहा, तो काय म्हणते ते ऐका. गावाला जायचं असलं तरी विचारून जायचं. लांबलेल्या केसमध्ये ते मेडिकल रेफरीकडे, म्हणजे त्यांच्याच फेरतपासणीच्या डॉक्टरकडे, तपासायला पाठवतात, बोलावलं तर जावं लागते.

मग करायचं काय, तर असं करा. उद्यापासून ठेला बंद. तुमच्यासाठी हो, साळ्यासाठी नाही. जितके दिवस बसले त्यांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला जाऊन स्वतः सांगा की या दिवसांचं पेमेंट कापा. पेमेंट निघायच्या आधी सांगितलं तर अजूनच बरं. मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही म्हणाल बाई वेडी आहे, कोणी सांगते का स्वतःहून. पण स्वतःहून सांगितलेला माणूस आणि फोटोतला माणूस यांच्यात फरक आहे. आणि कंबर खरंच तीन तास बसण्याइतकी बरी असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरला तेच सांगा, फायनल सर्टिफिकेट (कामावर जायला फिट असल्याचं) घ्या, आणि कंपनीत बसून करायचं काम मागा. कंपनी देईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच देणार.

“मॅडम, मी बुटीबोरीला प्रेस मशीनवर होते. दीड वर्षापूर्वी उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. ईएसआयने मेडिकल बोर्डाकडून २० टक्के धरले, आता महिन्याचे पैसे येतात. कंपनी मी सोडली. महालातल्या एका साडीच्या दुकानात बिलिंगसाठी बोलावून राहिले, दुपारी १ ते ७, सात हजार देतो म्हणतात. पण शेजारच्या काकू म्हणतात काम करताना दिसली तर ईएसआयवाले पेन्शन बंद करतील, आणि मागच्या अंकात तुम्हीपण तसंच लिहिलं. जाऊ की नको? – एक वाचक, मानेवाडा”

ताई, जा. पत्र वाचून होईपर्यंत थांबू नका, त्या दुकानात फोन करा आधी. आणि माझ्या त्या ओळीसाठी मला माफ करा.

तुम्हाला मिळतो तो परमनंट डिसेबलमेंट बेनिफिट. याला कामाशी काही घेणंदेणं नाही. तुम्ही पार्ट टाइम करा, फुल टाइम करा, त्याच कंपनीत त्याच पगारावर परत जा, स्वतःचं दुकान टाका, हा पैसा मरेपर्यंत येत राहणार. कारण हा ‘काम करता न आलेल्या दिवसाचा’ पैसा नाहीच, ही तुमच्या हाताची जेवढी ताकद कायमची गेली तिची भरपाई आहे. आणि ती ताकद किती गेली हे पगार पाहून ठरत नाही, कायद्यातल्या तक्त्यावरून ठरते. त्या तक्त्यात प्रत्येक बोटाला आकडा आहे. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, अख्खं मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०. वाचताना अंगावर काटा येते, भाजीच्या भावफलकासारखा वाटते तो तक्ता, पण एक गोष्ट त्याची चांगली आहे की तुमचा मालक तुम्हाला नंतर किती देतो हे त्यात कुठंच नाही.

हिशोब तपासून घ्या एकदा. अपघातानंतर हात भरून येईपर्यंत तुम्हाला टेम्पररीवाला मिळाला असेल, तो ९० टक्क्यांनी. तुमची सरासरी रोजी ५०० असेल तर ४५०. त्या ४५० चे २० टक्के, म्हणजे ९० रुपये रोज, महिन्याचे साधारण २,७००. यापेक्षा बरेच कमी येत असतील तर ब्रांच ऑफिसला जाऊन रेट विचारा, लाजू नका. बोर्डाने २० टक्के ‘प्रोव्हिजनल’ दिले की ‘फायनल’ हेपण कागदावर पाहा, प्रोव्हिजनल असले तर पुन्हा तपासणीला बोलावतात, त्या तारखेला जायचंच. साडीच्या दुकानातून सुट्टी घेऊन जा.

फरक लक्षात राहावा म्हणून सांगते, तुमचा हात बरा होत होता तेव्हा, म्हणजे टेम्पररीच्या काळात, तुम्ही जर काम केलं असतं तर वरच्या भाऊंसारखंच झालं असतं. फायनल सर्टिफिकेट झालं की तो काळ संपला. शेजारच्या काकू चुकीचं सांगत नव्हत्या, त्यांनी दुसऱ्या काळातला नियम या काळाला लावला एवढंच.

आणि हे मी एवढं जोर देऊन का सांगून राहिले, तर हीच चूक मी स्वतः केली होती. नोकरीला लागून मला तीनेक वर्षं झाली असतील. आमच्याकडे एक प्रेस ऑपरेटर होता, डाव्या हाताची तीन बोटं गेलेली, फक्त अंगठा आणि करंगळी राहिली होती. बोर्ड झालं, पैसे सुरू झाले, आणि तो एक दिवस खिडकीशी येऊन मला विचारते की बाई, भावाच्या किराणा दुकानात बसू का. मी वर न पाहता म्हटलं, नको बाबा, बंद करतील. मला वाटलं मी त्याचं भलंच करून राहिले. चौदा महिने तो माणूस घरी बसला. नंतर ईएसआयच्या ऑफिसात दुसऱ्याच कामाने गेले तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या क्लार्कने बोलता बोलता खरं सांगितलं, आणि मी तिथून परत येता येता रिक्षा त्याच्या घराकडे वळवली. त्याने चहा केला माझ्यासाठी. डाव्या हाताच्या अंगठा-करंगळीत बशी धरून आणली, न सांडता, आणि म्हणते, एवढं शिकलो पाहा घरी बसून. मी माफी मागितली, तो हसला, पण त्याची बायको आतून बाहेर आलीच नाही. चौदा महिने तिने एकटीने घर ओढलं होतं, ती का येईल?

तर ताई, जा. आणि अजून एक, त्या दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथंही तुमची ईएसआय कापली गेली पाहिजे, पार्ट टाइम असलं तरी. पगारातून पाऊण टक्का तुमचा जातो, सव्वातीन टक्के मालकाचे. म्हणजे उद्या ताप आला, सर्टिफिकेट घेतलं, तर नियमात बसत असाल तर तिथला सिकनेस बेनिफिटही मिळेल आणि हे बोटांचे पैसेही चालूच राहतील. टेम्पररीवाला आणि सिकनेस एकत्र मिळत नाही, पण परमनंट आणि सिकनेसला तशी अडकाठी नाही.

“माझ्या नवऱ्याला टीबी निघाला आहे. ते सूतगिरणीत होते, साडेचार वर्षं झाली. औषध सुरू आहे. ईएसआय किती दिवस पैसे देते? आणि ते बी.एस्सी. आहेत, घरूनच मोबाइलवर दोन मुलांची गणिताची ट्यूशन घेऊ शकतात, हात पाय हलवायचे नाहीत, चालते का? – एक वाचक, बुटीबोरी”

टीबी हा ईएसआयच्या ३४ मोठ्या आजारांच्या यादीत आहे, हे पहिले लक्षात घ्या, कारण तिथं पैसा वाढतो. आधी ९१ दिवस ७० टक्क्यांनी, मग एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट ८० टक्क्यांनी, आणि डॉक्टरांनी गरज दाखवली तर तो दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. साडेचार वर्षं म्हणता, तर बसेल. फक्त सर्टिफिकेटमध्ये खंड पडू देऊ नका. एक संपायच्या आत दुसरं. मधे दोन दिवस सुटले की मग ते दोन दिवस शोधत फिरावं लागते. माझ्या भावाचं झालं आहे असं, रविवार आणि गणपतीची सुट्टी मधे आली आणि आठ चकरा पडल्या.

ट्यूशनचं मी नको म्हणेन. फी घेतली म्हणजे काम झालं, मग ते पलंगावर बसून केलं काय आणि मशीनवर उभं राहून केलं काय. ८० टक्के मिळत असताना दोन मुलांच्या फीसाठी तो धोका कशाला. मनातून वाटतच असेल तर ब्रांच ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या, तोंडी ‘हो चालते’ वर जाऊ नका. पुतण्याला, भाच्याला असंच बसून शिकवतात तर शिकवू द्या बापा, माणसाचं मन लागले पाहिजे ना, टीबीच्या औषधाने तसंही उदास वाटते. टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय योजनेतून महिन्याचे हजार रुपये आहाराचे येतात ते वेगळे, त्याचा याच्याशी संबंध नाही, दोन्ही घ्या.

“सर्टिफिकेटवर असताना कंपनी काढून टाकू शकते का? एचआर म्हणते राजीनामा द्या, बरे झाले की परत घेऊ. – एक वाचक, वाडी”

राजीनामा देऊ नका. देऊ नका. देऊ नका. सिकनेस बेनिफिट चालू असताना कामावरून काढायला, शिक्षा करायला मालकाला मनाई आहे, म्हणून तर तो तुमच्याकडून राजीनामा मागून राहिला, स्वतः पत्र का देत नाही ते ओळखा. बाकीचं पुढच्या अंकात लिहिते, तोवर सही कुठंच नको.

“माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, वय २२. दिव्यांग सर्टिफिकेट आहे, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखकार्ड आहे, संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात. घरात आम्ही दोघंच, मी दोन घरी धुणीभांडी करते, महिन्याचे दोन हजार. आता त्याला मोबाइलच्या दुकानात अर्धा दिवसाचं काम भेटून राहिलं, सहा हजारावर. पोरगं खूश आहे. पण निराधारचे पैसे जातील का? – एक आई, उत्तर नागपूर”

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण इथं सोपं उत्तर नाही.

ईएसआयचा नियम इथं लागत नाही, हे राज्य सरकारचं अनुदान आहे आणि त्यात काम करायला बंदी नाही, पण उत्पन्नाची मर्यादा आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागते. तुमचे दोन हजार म्हणजे वर्षाचे २४ हजार, तोवर बसत होतं. मुलाचे सहा हजार धरले की ७२ हजार वाढले, झाले ९६ हजार. गेलं मर्यादेच्या बाहेर. मर्यादेत राहायचं तर त्याने वर्षाला २६ हजारच कमवायचे, म्हणजे महिन्याला एकवीसशेच्या आसपास. २२ वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? ही मर्यादा ज्याने ठरवली त्याने एकदा सक्करदऱ्याच्या बाजारात महिन्याचं सामान भरून दाखवावं.

आता पैशाचा हिशोब. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला अडीच हजार झाले. ते गेले आणि सहा आले, हातात साडेतीन हजार जास्त. कागदावर काम घेणंच बरं. पण सिकलसेल तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, विदर्भात किती घरात आहे हे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, थंडीत गारठा लागला की दुखणं उठते आणि आठ दिवस मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती. दुकानदार पहिल्या वेळी सांभाळून घेईल, दुसऱ्या वेळी घेईल, तिसऱ्या वेळी? आणि निराधारचं एकदा बंद झालं की पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा समितीची वाट.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? मुलाला कामाला पाठवलं असतं. पण पहिल्याच दिवशी दुकानदाराला आजार सांगून, लपवून नाही. आणि पुढचा उत्पन्नाचा दाखला काढताना खरा आकडा लिहिला असता, कारण जास्तीचे घेतलेले पैसे नंतर वसूल करायला लागले तर तुमच्यासारख्या घराला तो मार झेपत नाही. तहसीलच्या संजय गांधी शाखेत एकदा जाऊन विचारून या की काम सुटलं तर पुन्हा अर्जाला काय काय लागेल, आणि ते सगळे कागद आजच एका पिशवीत ठेवा. यूडीआयडी कार्ड मात्र कामाने जात नाही हां, ते आजाराचं कार्ड आहे, गरिबीचं नाही. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, मुलगा लाख रुपये कमवू लागला तरी राहणार.

“बर्डीवरच्या एका छोट्या हॉटेलात मी आचारी आहे, आम्ही सहा जण आहोत, ईएसआय नाही. कढईतलं तेल हातावर आलं, डॉक्टर म्हणते तीन महिने तरी लागतील. पगार १२ हजार होता. मालक म्हणते कॅशवर दोन तास बस, पाच हजार देतो, बाकी काही मिळणार नाही. – एक वाचक, सीताबर्डी”

बाकी मिळते. आणि तुमच्या बाबतीत गंमत अशी की अर्धवेळ काम करूनही मिळते.

दहापेक्षा कमी माणसं आहेत म्हणून ईएसआय नाही, पण म्हणून मालक सुटत नाही. १९२३ चा भरपाईचा कायदा आहे (हापण आता त्या २०२० च्या संहितेतच गेला), त्यात असा हात काही काळापुरता निकामी झाला तर दर पंधरा दिवसाला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मालकाने द्यायचे. तुमचे बारा हजाराचे होतात पंधरा दिवसाला तीन हजार. आता कॅशवर बसले तर? इथं ईएसआयसारखं सगळं बंद होत नाही. आधीच्या पगाराचा अर्धा घ्यायचा, सहा हजार. आताच्या कमाईचा अर्धा घ्यायचा, अडीच हजार. वजा केले की साडेतीन हजार उरले, भरपाई त्याच्या वर जाऊ नये एवढंच बंधन. तुमचे तीन हजार साडेतीनच्या आतच आहेत, म्हणजे पूर्ण तीन हजार मिळायला पाहिजेत, कॅशचे पाच हजार सोडून. मालकाने उद्या पगार आठ हजार केला तर अर्धे चार, सहातून चार गेले दोन, मग तीनच्या जागी दोन हजार मिळतील. तरी मिळतीलच.

मालकाला हे कागदावर लिहून दाखवा, पेनाने, आकडे मोठे मोठे काढून. पुष्कळांना खरंच माहीत नसते. ऐकलं नाही तर कामगार न्यायालय आहे, आणि अपघातापासून दोन वर्षांच्या आत जायचं असते, पण तेवढं थांबू नका. दवाखान्याचा पहिला कागद, ज्यावर तेलाने भाजल्याचं आणि तारीख लिहिली असेल, तो कुठं आहे आता? हॉटेलच्या गल्ल्यात ठेवला असेल तर आजच घरी आणा.